पाठमोरे मामा

अख्ख्या बडोद्यात इंटरनेटला ज्याचा थांगपत्ता लागलेला नाही असा एकच माणूस आता शिल्लक आहे, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. बाकी बडोद्याची खडान्‌खडा माहिती ज्याला हवी त्याला मिळते. रावपुऱ्यात आमच्या समोरच्या घरी आज उंधियू आहे की कढी-खिचडी, हे बघायला मला खिडकीतून डोकावं लागत नाही. ताट वाढून होण्याआधी ते माझ्या फोनवर आलेलं असतं. कोण कुठल्या गाडीने कुठे निघालं, कुणाच्या मुलाला कुठल्या शाळेत प्रवेश मिळाला, कुणाचं पित्ताशय काढलं, सगळं जाहीर. मामांचं मात्र नाव घाला, आडनाव घाला, उलटसुलट करून घाला, काहीही सापडत नाही. एकदा आमच्या मुलीने हट्टाला पेटून सबंध दुपार त्यांना शोधण्यात घालवली. शेवटी तिला कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोत, पंगतीच्या अगदी टोकाला, पापड धरलेला एक हात सापडला. पापड चेहऱ्यासमोर होता. तिने तो फोटो मोठ्या विजयाने मामांना नेऊन दाखवला, तर ते अस्वस्थ होऊन म्हणाले, "घड्याळ दिसतंय. पुढच्या वेळी काढून ठेवलं पाहिजे." त्यांचं नाव मी इथेही लिहिणार नाही. लिहिलं तर छापून आलेलं पान ते परत मागतील, आणि नुसतं मागून थांबणार नाहीत.

मामा आयुष्यभर बडोद्याबाहेरच्या एका मोठ्या कारखान्यात सेफ्टी खात्यात होते. जिथे मोठमोठ्या टाक्यांत पेट घेणारा माल भरलेला असतो आणि एक ठिणगी सगळ्यांना पुरते, अशा ठिकाणी माणसाचा स्वभाव एकदा घडला की घडला. "आग लागल्यावर धावतो त्याला लोक हार घालतात," मामा म्हणतात, "आणि आग लागूच देत नाही त्याला विचारतात, तू दिवसभर करतोस तरी काय?" निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्यांना शाल आणि श्रीफळ दिलं, आणि त्यांनी आपलं पिवळं हेल्मेट मागून घेतलं. शहराच्या टोकाला असलेल्या छाणीच्या त्यांच्या घरात ते दारामागच्या खुंटीवर असतं. पंखा पुसायचा असो की माळ्यावरून पापडाचा डबा काढायचा असो, हेल्मेट चढवल्याशिवाय मामा स्टुलावर पाय ठेवत नाहीत. लग्नाला गेले की नवरा-नवरीच्या आधी हॉलचं दुसरं दार शोधतात. आमच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते मांडवाच्या मागच्या बाजूला होते, कारण आचाऱ्याने सिलिंडर आडवा ठेवला होता. अक्षता त्यांनी तिथूनच टाकल्या.

असा माणूस निवृत्त झाला की त्याच्या धास्तीला काही काम उरत नाही. मामी तेव्हा होत्या, त्या म्हणायच्या, "आता घरात एक स्टोव्ह आणि एक मी. सांभाळून सांभाळून सांभाळतील किती?" पण त्याच सुमाराला त्यांच्या एकुलत्या एका मुलीने, केतकीने, त्यांना स्मार्टफोन आणून दिला. मामांनी तो फोन हातात घेतला, सगळीकडून बघितला, पुढच्या बाजूच्या कॅमेऱ्यावर जखमेवर लावतात ती चिकटपट्टी लावली, मागच्या कॅमेऱ्यावर दुसरी लावली, आणि फोन चष्म्याच्या घरात सरकवून घर बंद केलं. मग म्हणाले, "ही टाकी आहे. आणि गळतेय." त्या दिवसापासून मामा पुन्हा नोकरीवर रुजू झाले.

कारखान्यात एक पद्धत असते. टाकीच्या आसपास कुणाला वेल्डिंग करायचं असेल, नुसता एक खिळा ठोकायचा असेल, तरी सेफ्टीवाल्याचं परमिट लागतं. तो येतो, हवा तपासतो, आजूबाजूला काय पडलंय ते बघतो, आणि मगच ठिणगी उडवायची परवानगी देतो. मामांनी हीच पद्धत आमच्या सगळ्या खानदानाला लावली. कुठलाही फोटो सोशल मीडियावर टाकायचा तर आधी मामांचं परमिट. आपण फोन त्यांच्यासमोर धरायचा. ते चष्मा कपाळावर चढवतात, फोन नाकापर्यंत नेतात आणि डावीकडून उजवीकडे बघत जातात. गंमत अशी की फोटोतली माणसं ते बघतच नाहीत. माणसांच्या मागे काय आहे ते बघतात. दिवाळीत माझ्या बायकोने नवी पैठणी नेसून दारात उभं राहून फोटो काढला. मामा बघत राहिले आणि म्हणाले, "दारावर पाटी आहे, म्हणजे नाव आलं. बाजूला दुकानाचा बोर्ड आहे, म्हणजे पत्ता आला. आणि ही किल्ली खिळ्यावर लटकतेय, म्हणजे बाकीचं सगळंच आलं." बायको हिरमुसली. "अहो मामा, साडी तरी बघा ना!" "साडी उत्तम आहे," मामा म्हणाले, "भिंतीसमोर उभी राहून काढ. भिंतीसारखी सुरक्षित गोष्ट नाही." त्यामुळे आमच्या घरातल्या बायकांचे गेल्या काही वर्षांतले सगळे फोटो एकाच पिस्ता रंगाच्या भिंतीसमोरचे आहेत.

कुणी म्हणेल हा म्हाताऱ्या माणसाचा भ्रम. मीही म्हणत होतो, आणि चांगलं मोठ्याने म्हणत होतो. मग आम्ही सापुताऱ्याला गेलो. निघतानाच बायकोने गाडीतून हसरा फोटो टाकला आणि खाली लिहिलं की आता रविवारपर्यंत फक्त आम्ही आणि थंड हवा. परमिट अर्थातच घेतलं नव्हतं. रविवारी परत आलो तर घराला बाहेरून कुलूप नाही आणि आतून कडी! बायको माझ्या मागे, मुलगी तिच्या मागे. मी दार वाजवलं. आतून चपलांचा आवाज आला, कडी निघाली, आणि दारात मामा. हातात चहाचा कप. "या," ते म्हणाले, "मी चोर." आत जाऊन बघतो तर टीव्ही भिंतीवरून काढून चादरीत बांधलेला, शेजारी मिक्सर, माझी चांगली बॅग, बायकोच्या दागिन्यांचा डबा, आणि या सगळ्यावर देवघरातली चांदीची समई आडवी ठेवलेली. "मॉक ड्रिल," मामांनी खुलासा केला. "तुम्ही कधी येणार हे तुम्हीच जगाला सांगितलंत. किल्ली तुळशीच्या शेजारच्या कुंडीत असते हे गणपतीतल्या फोटोत दिसतं. तुमची मुलगी वाकून ती काढतेय. मला बाहेरून काही शोधावं लागलं नाही." आमच्या शेजारच्या भारतीबेननी त्यांना कुलूप उघडताना पाहिलं होतं, पण त्यांना शंका आली नाही. "मामा तो घरना ज माणस कहेवाय!" त्या म्हणाल्या. मामा त्यांच्याकडे वळून म्हणाले, "बराबर. पण उद्या दुसरा कुणी मामा आला तर?" आमची ही आठवडाभर मामांशी बोलली नाही, पण किल्ली त्याच संध्याकाळी कुंडीतून हलली, आणि तेव्हापासून आमच्या प्रवासाचे फोटो आम्ही घरी पोचून, आंघोळी करून, मग टाकतो.

नवरात्रात तर मामांना श्वास घ्यायला फुरसत नसते. बडोद्याचा गरबा म्हणजे मैदानभर माणसं आणि माणसागणिक एक फोन. आमच्या खानदानातल्या सगळ्या मुली चनिया-चोळी घालून निघायच्या आधी छाणीहून मामांचा फोन येतो. "नाचा, खूप नाचा. फोटो काढा. पण कुठल्या गेटाशी उभ्या आहात ते तिथूनच सांगू नका. आधी घरी, मग फोटो." मुली त्यांची नक्कल करतात, 'आधी घरी, मग फोटो' हे टाळ्या वाजवत ठेक्यात म्हणतात, पण ऐकतात. एकदा मामा स्वतः त्यांना घ्यायला गेले होते. तिथे कुणा ओळखीच्या पोराने सगळ्यांचा फोटो काढायला फोन वर केला आणि ओरडला, "काका, हसो तो खरा!" मामा हसले, भरपूर हसले, पण तोवर त्यांनी तोंड फिरवलेलं होतं. त्या फोटोत बारा मुली समोर बघताहेत आणि मधे एक पांढऱ्या केसांची झालर असलेलं टक्कल मैदानाकडे बघत हसतंय.

आणि एका प्रसंगानंतर तर मी त्यांची थट्टा करणं जवळजवळ सोडलं. रविवारची सकाळ होती, मामा आमच्या हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, बसून शेव-उसळ खात होते. माझ्या फोनवर माझ्या चुलतभावाचा निरोप आला. त्याचाच फोटो, त्याचंच नाव, बोलणंही त्याच्यासारखंच लाडात. फोन बदललाय, नवीन खातं उघडतोय, तुझ्या मोबाईलवर एक ओटीपी येईल तेवढा पटकन पाठव. तो आकडा आलाही. मी तो पाठवणार तेवढ्यात हिंचक्याची कडी करकरायची थांबली. "कुणाला काय पाठवताय, जावईबापू?" मी सांगितलं. "शांती राखा," मामा म्हणाले, "आधी त्याच्या जुन्या नंबरवर फोन लावा." लावला. भाऊ सयाजीगंजात न्हाव्याकडे दाढीला बसला होता आणि त्याला यातलं काहीही माहीत नव्हतं. त्याचा तो फोटो त्यानेच हौसेने टाकलेला, कुणीतरी उचललेला. मी मामांकडे बघितलं. आता ते व्याख्यान देणार म्हणून मी तयार होतो. त्यांनी वाटी पुढे केली आणि म्हणाले, "उसळ अजून आहे का?"

हे सगळं इतकं कौतुकाने लिहितो आहे खरं, पण या सावधपणाची किंमत मामांनी जिथे मोजली ती गोष्ट निराळी आहे. केतकी लग्न होऊन न्यूझीलंडला गेली. मग इकडे मामी वारल्या, आणि त्यानंतर वर्षभरात तिकडे केतकीला मुलगी झाली. रेवा. केतकीने आनंदाच्या भरात बाळाचा फोटो टाकला, आणि जगाबरोबर तो मामांनाही दिसला, म्हणजे मी दाखवला. मामांनी चष्मा कपाळावर चढवला. तिथेच मी फोन काढून घ्यायला हवा होता. त्यांनी लगेच केतकीला फोन लावला आणि एका दमात सांगितलं, "मनगटावर हॉस्पिटलची पट्टी आहे, त्यावर नाव आहे, जन्मतारीख आहे, पाळण्याच्या वर खोलीचा नंबर आहे. काढून टाक आधी." मग केतकी म्हणाली, "बाबा, आई असती तर तिला बाळाचं नाक दिसलं असतं. तुम्हाला पट्टी दिसली." तिने तो फोटो काढून टाकला, आणि त्याबरोबर मामांना फोटो पाठवणंही थांबवलं. फोन ती करायची, पण कामापुरता. मामांचा व्हिडिओ कॉलवर विश्वास नव्हता. पट्ट्या कॅमेऱ्यावर घट्ट होत्या. पासपोर्ट काढायचा तर बोटांचे ठसे द्यावे लागतात, म्हणून मामांनी पासपोर्टही काढला नव्हता. केतकीच्या रजेचं जमेना. बाळाचं तोंड आजोबांनी बघितलंच नाही, आणि आजोबांचं तोंड बाळाने.

कित्येक महिन्यांनी केतकीने एक फोटो पाठवला. रेवा नुकती बसायला लागली होती, आणि फोटो मागून काढलेला. एक गोल पाठ, एक मान, थोडे केस, समोर कोरी भिंत. खाली लिहिलं होतं, "घ्या. सेफ." मला त्यातला राग स्पष्ट दिसला. मामांना दिसला की नाही, देव जाणे. त्यांनी उत्तर धाडलं, "उत्तम. असेच पाठवत जा." मग केतकीही त्यांचीच मुलगी. ती तसेच पाठवत गेली. रेवा मागून उभी, रेवा मागून चालताना, रेवा मागून बदकांना पाव टाकताना. मामा ते फोटो चष्म्याच्या घरातून फोन काढून, आजूबाजूला कुणी नाही बघून, फक्त मला दाखवायचे. इतक्या पाठी बघून त्यांना त्या पाठीचं शिक्षणच झालं होतं. "डोक्यावर दोन भोवरे आहेत, बघा. माझ्या आईला होते. आणि डावा खांदा किंचित वर. केतकीचा लहानपणी असाच असायचा." परतफेड म्हणून मामांचेही फोटो जायला लागले, अर्थात मागूनच, आणि ते काढायचं काम माझ्याकडे आलं. मामा हिंचक्यावर, मामा पेरूच्या झाडाखाली, मामा कमाटीबागेत मोराच्या पिंजऱ्यासमोर, मामा हेल्मेट घालून स्टुलावर. उभे राहिले की दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत धरायची त्यांची जुनी सवय आहे, कारखान्यात फेरी मारताना लागलेली. प्रत्येक फोटोत ते हात तसेच. काही दिवसांनी रेवाच्या फोटोत बघतो तर तिचेही हात पाठीमागे. केतकीला विचारलं, तर तिच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी हसू होतं. ती म्हणाली, "सारखी अशीच चालते. म्हणते, मी आजोबा झालेय." मामांनी ते ऐकलं आणि उठून मागल्या दाराची कडी तपासून आले. दुपारचे चार वाजले होते, कडी तपासायचं काही कारण नव्हतं.

रेवा चार वर्षांची झाली आणि केतकीने कळवलं की त्या दोघी येताहेत. मुंबईला उतरून दोन दिवस सासरी, मग सकाळच्या गाडीने बडोद्याला. मामांनी कंबर कसली. छाणीच्या घरातल्या सगळ्या प्लगांच्या भोकांवर चिकटपट्ट्या लागल्या, टेबलांच्या कोपऱ्यांना फोम लागला, हिंचक्याखाली गादी आली. मी गेलो तेव्हा मामा गुडघ्यांवर रांगत होते. "मुलाच्या उंचीवरून बघावं लागतं," ते म्हणाले. मग रांगता रांगता थांबले, तिथेच फरशीवर बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "जावईबापू, ती मला ओळखेल का हो?" मामांना असं काही विचारताना मी कधी बघितलं नव्हतं. ते सांगतात. मी म्हटलं, त्यात काय, आत्ता व्हिडिओ कॉल लावू, चेहरा बघेल, झालं. मामांनी फोन काढला. पुढच्या कॅमेऱ्यावरची पट्टी नखाने अर्धी सोडवली. केसांच्या झालरीवरून हात फिरवला. मग पट्टी पुन्हा बसवली आणि अंगठ्याने दाबत राहिले. "ना ना," ते म्हणाले, "चार वर्षं थांबलो. आता पहिल्यांदा या काचेतून नको." फोनवर रेवाचा आवाज त्यांनी ऐकलेला होता, पण तोही किती? फोन हातात आला की ती पोर नुसता श्वास घ्यायची आणि 'बाय आजोबा' म्हणून पळायची. तिला ओळखीची होती ती फक्त मामांची पाठ.

गाडीच्या दिवशी आम्ही स्टेशनवर इतके लवकर पोचलो की आमच्या गाडीच्या आधीच्याही गाडीला आम्ही निरोप दिला. मामा इस्त्रीच्या शर्टात, हातात भाखरवडीची पिशवी. दोन वेळा त्यांनी जिना बघून घेतला, एकदा आग विझवायची लाल बादली. गाडी लागली, गर्दी उसळली, आणि मी टाचा उंचावून केतकीचा चेहरा शोधू लागलो. मामा एकदम म्हणाले, "आली!" मला कुणीच दिसेना. "अहो ती बघा, दोन भोवरे!" लहान मुलं डब्यातून उतरतात तशी, आत तोंड करून, दांडा धरून, एकेक पाय चाचपत एक पोरगी खाली उतरत होती. जगाला आधी तिची पाठच दिसली. मामांना तेवढी पुरली. मागोमाग बॅगा घेऊन केतकी उतरली. बाप-लेकीने एकमेकांकडे बघितलं आणि केतकीने रेवाला पुढे केलं. "रेवा, हे बघ कोण! आजोबा!"

रेवाने मामांना खालपासून वरपर्यंत बघितलं. चष्मा, मिशी, इस्त्रीचा शर्ट. मग ती आईच्या मागे गेली आणि तिथून अगदी ठामपणे म्हणाली, "नाही. हे आजोबा नाहीत." केतकी कसनुशी हसली. "अगं, हेच आजोबा." "नाहीत!" आता तिचे ओठ थरथरायला लागले. ज्या माणसाने भोंगे वाजत असताना शेकडो माणसांना रांगेत बाहेर काढलं होतं त्याला स्वतःच्या नातीशी एक शब्द बोलता येईना. मला त्यांच्याकडे बघवेना. सगळ्या आयुष्याची सावधगिरी त्या क्षणी त्यांच्या अंगाशी आली होती, आणि ते त्यांनाही कळलं होतं.

मग मामांनी भाखरवडीची पिशवी माझ्या हातात दिली. शांतपणे वळले. आमच्याकडे पाठ करून, गाडीच्या उलट दिशेला तोंड करून उभे राहिले आणि दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत धरले. भर गर्दीत, वाटेच्या मधोमध. डोक्यावर खोकी घेतलेला एक हमाल वैतागून ओरडला, "काका, जरा बाजुमां खसो ने!" मामा हलले नाहीत. लोक त्यांच्या दोन्ही बाजूंनी जात राहिले. आणि माझ्या मागून आवाज आला, खणखणीत, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असा.

"आई, ते बघ आजोबा!"

ती आईचा हात सोडून धावली आणि त्या पाठीमागे धरलेल्या हातांत तिने आपला हात घुसवला. मामांनी तो पकडला. पण वळले नाहीत. वळलो तर पुन्हा परके होऊ असं त्यांना वाटलं असावं. ते तसेच हळूहळू चालायला लागले, पुढे ते, मागे त्यांच्या हाताला धरून ती, आणि तिच्या मागे बॅगा ओढत रडणारी केतकी. जिन्यापाशी पोचल्यावर रेवाच वळसा घालून पुढे गेली, तिने मान वर करून त्यांचा चेहरा नीट बघितला आणि म्हणाली, "तुम्हाला पुढून मिशी आहे!"

महिनाभर ती राहिली आणि महिनाभर छाणीच्या घरात दोन आजोबा हात पाठीमागे बांधून फिरत होते. दुसऱ्याच दिवशी नाश्त्याला मामा रेवाकडे बघत बसले, चहा गार झाला तरी. मग म्हणाले, "केतकी, नाक तुझ्या आईचं आहे." केतकीने हातातली पोळी खाली ठेवली. "चार वर्षं लागली बाबा तुम्हाला," ती म्हणाली, पण उठून त्यांच्या खुर्चीच्या मागे गेली आणि त्यांच्या टकलावर हनुवटी टेकवून उभी राहिली. निघायच्या आदल्या दिवशी रेवा अंगणात पडली आणि गुडघा फुटला. घरातल्या सगळ्या पट्ट्या प्लगांवर संपलेल्या. मामांनी चष्म्याचं घर उघडलं, फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यावरची पट्टी सोडवली आणि धुऊन पुसून घेतलेल्या गुडघ्यावर कापसासकट चिकटवली. ती जेमतेमच चिकटली, पण रेवाचं रडणं थांबलं. त्या जागी त्यांनी पुन्हा पट्टी लावली नाही. मी एकदा आठवण करून दिली तेव्हा म्हणाले, "आणायची आहे. बाजारात जाणं होत नाही." मेडिकलचं दुकान त्यांच्या फाटकासमोर आहे.

परमिट अजून चालू आहे, कुणी गैरसमज करून घेऊ नये. गेल्या महिन्यात माझ्या मुलीने पहिल्या नोकरीचं ओळखपत्र गळ्यात घालून काढलेला फोटो त्यांनी अडवला, आणि योग्यच अडवला. पण रविवारी सकाळी मी छाणीला जातो तेव्हा मामा टेबलाशी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून, केस नीट करून बसलेले असतात. मी त्यांच्या मागच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत, कॅमेऱ्यात दिसणार नाही असा. पलीकडे रेवा येते, आपला पडलेला दात दाखवते, चित्र दाखवते, आणि दर वेळी शेवटी म्हणते, "आजोबा, आता खरे आजोबा दाखवा." मामा उठतात, फोनकडे पाठ करतात, हात मागे बांधतात. ती खूश होऊन हसते, आणि पलीकडून पुष्कळ वेळ त्या पाठीशी बोलत राहते. फोनला दिसते ती फक्त पाठ. तोंड माझ्याकडे असतं. चष्मा कपाळावर, गाल ओले, आणि पुसायला हात मोकळे नाहीत, कारण हात मागे बांधलेले असायला हवेत. तो चेहरा इंटरनेटवर कुठेही नाही. माझ्या हातात फोन असतो, पण तो फोटो मी कधी काढलेला नाही. मी आपला भिंतीकडे बघत बसतो.